फाउंडेशनची शेड घेण्याआधी दुकानाच्या दारात या

प्रश्न: ताई, मी छत्रपती संभाजीनगरची. पुढच्या महिन्यात पुण्यात पहिली नोकरी सुरू होतेय. रोजसाठी अगदी साधा, केलाय हे कळणारही नाही असा मेकअप हवाय. बजेट 2000 रुपये. मी सावळी आहे. मागे एक फाउंडेशन घेतलं, दुकानात हातावर लावून दाखवलं तेव्हा छान वाटलं, पण घरी चेहऱ्याला लावलं की राख फासल्यासारखं दिसतं. माझ्या रंगाला मेकअप सूटच होत नाही का?

उत्तर: अगं, असं काही नसतं. तुला शेड चुकीची दिलीये, बाकी काही नाही. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा बघितलंय ना, की सावळ्या मुलीच्या हातात एक-दोन शेड उजळ बाटली ठेवायची आणि वर म्हणायचं "जरा ब्राइट दिसेल तुम्हाला". ही सवय जुनीच आहे आपल्याकडे, मुंबईत 1919 साली अफगाण स्नो हे चेहऱ्याचं क्रीम आलं तेव्हापासून स्नो-पावडर लावणं म्हणजे उजळ दिसणं हेच घराघरात डोक्यात बसलंय. माझ्या स्वतःच्या लग्नात पार्लरवालीने चेहरा दोन शेड गोरा केला, गळा तसाच राहिला, आणि तो अल्बम उघडला की मला आजही वाईट वाटतं, कारण त्यात मी मला सापडत नाही. म्हणून तुला कळकळीने सांगतेय.

राखेसारखं का दिसतं तर फिकट शेडमध्ये पांढरा रंग जास्त असतो, टायटॅनियम डायऑक्साइड म्हणतात त्याला, तो सावळ्या कातडीवर बसला की करडा दिसतो. त्यात फाउंडेशन गुलाबी झाकेचं असेल तर अजूनच, कारण आपल्या बहुतेकींच्या रंगात पिवळसर नाहीतर हिरवट झाक असते. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते बघून झाक ओळखा असं सगळे सांगतात, पण सावळ्या हातावर शिरा धड दिसत नाहीत, त्यामुळे त्यावर नको जाऊस.

तू असं कर, दुकानात जाताना चेहरा कोरा ठेवून जा, पावडरसुद्धा नको. हातावर अजिबात लावून घेऊ नकोस, हाताचा रंग वेगळा आणि तोंडाचा वेगळा. जवळजवळच्या तीन शेड घे आणि जबड्यावर, गालाकडून गळ्याकडे अशा तीन उभ्या रेघा ओढ. मग दुकानाच्या दारात ये, बाहेर उजेडात. आतल्या दिव्यांत सगळंच गोड दिसतं. आणि लगेच ठरवू नकोस, पंधरा मिनिटं थांब, समोर चहा पिऊन ये हवं तर, कारण हवा आणि चेहऱ्याचं तेल लागलं की बरीच फाउंडेशनं गडद होत जातात. पंधरा मिनिटांनी जी रेघ शोधावी लागेल ती तुझी शेड. दोन शेडमध्ये अडलीस तर गडद घे, उजळ नको. दुकानदार काहीही म्हणू दे.

आता खरं सांगू का, रोजच्या ऑफिसला तुला फाउंडेशन लागतच नाही. 2000 मध्ये आधी चांगलं सनस्क्रीन घे, एसपीएफ 30 किंवा त्याच्या वरचं, पांढरा थर न ठेवणारं. मग तुझ्या शेडचं एक कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारं दाट क्रीम, ते फक्त डागांवर, नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांवर, अख्ख्या चेहऱ्याला नाही. एक काजळ. आणि एक क्रीमसारखी मऊ लिपस्टिक, तीच बोटावर घेऊन गालाला दोन ठिपके देऊन पसरवायची, लिक्विड मॅट मात्र गालाला नको, ती वाळली की पसरत नाही, डाग पडतो. लिपस्टिक घेताना न्यूड, म्हणजे ओठांच्या रंगात मिसळून जाणारा, असं लिहिलेल्या बेज रंगांपासून लांब राहा, सावळ्या चेहऱ्यावर ओठ आजारी दिसतात. तुझा न्यूड म्हणजे विटकरी, चॉकलेटी, डाळिंबी, फार तर जांभळाकडे झुकणारा. ओठांच्या आतल्या बाजूचा जो रंग आहे त्याच्यापेक्षा किंचित गडद घेतलीस की झालं. भुवयांना काळी पेन्सिल नको, गडद ब्राउन घे, तीही फक्त जिथे केस विरळ आहेत तिथे. पैसे उरले तर मस्कारा, नाही उरले तर पहिल्या पगारात घे.

प्रश्न: मी 44 वर्षांची, नाशिकला शिक्षिका आहे. डोळ्यांखाली काळं आहे, कन्सीलर लावलं की तिथे करडं दिसतं आणि दुपारपर्यंत सुरकुत्यांत जाऊन बसतं. काय करू?

उत्तर: ताई, तुम्ही काळ्यावर सरळ फिकट कन्सीलर लावताय म्हणून करडं दिसतंय. आपल्याकडे डोळ्यांखालचं काळं बरेचदा निळसर-तपकिरी असतं, त्याला आधी नारिंगी करेक्टर लागतो, म्हणजे कन्सीलरच्या खाली लावून काळेपणा मारणारं रंगीत क्रीम. रंग गव्हाळ असेल तर पीच, सावळा असेल तर चांगला नारिंगी. मुगाच्या दाण्याएवढा घ्यायचा, जिथे काळं आहे तिथेच अनामिकेने थोपटायचा, त्या बोटाचा दाब सगळ्यात हलका पडतो. त्यावर तुमच्याच शेडचं कन्सीलर, तेही नावाला. बऱ्याचदा नुसत्या करेक्टरवरच भागतं.

सुरकुत्यांत बसतं ते जास्त थरामुळे आणि कोरड्या कातडीमुळे. आधी मॉइश्चरायझर लावा, पाचेक मिनिटं मुरू द्या, मग बाकीचं. आणि डोळ्यांखाली पावडर थापू नका हो, चाळिशीनंतर पावडर म्हणजे प्रत्येक रेष अधोरेखित करणं. लागलीच तर बारीक ब्रशने पुसटशी. शिवाय काळं अचानक वाढलं असेल, थकवा असेल, तर एकदा डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासून घ्या, आपल्याकडच्या बायका हे फार अंगावर काढतात.

प्रश्न: ब्रशचा बारा पीसचा सेट घ्यावा की स्पंज? माझी मैत्रीण नुसत्या बोटांनी लावते.

उत्तर: मैत्रीण बरोबर करते! बोटांच्या उबेने क्रीम वितळतं आणि कातडीत मिसळतं, नॅचरल दिसण्यासाठी याच्याएवढं चांगलं साधन नाही, फक्त हात धुतलेले हवेत. सेट घेऊ नकोस, बारातले नऊ डब्यात पडून राहतात. एक मऊ गुबगुबीत ब्रश पावडरला, एक छोटा कन्सीलरला, दोन्ही सिंथेटिक केसांचे चालतील, धुवायला सोपे. स्पंज घेतलास तर तो ओलाच वापरायचा, पाण्यात फुगवून टॉवेलमध्ये घट्ट पिळून. कोरडा स्पंज निम्मं फाउंडेशन पिऊन टाकतो आणि वर चट्टे पाडतो. घासायचा नाही, थोपटायचा. आठवड्याला शाम्पूने धुवायचा आणि उघड्यावर वाळवायचा, ओला डबीत बंद केलास तर आतून बुरशी धरते आणि तेच तोंडाला लागतं, मग पुरळ आलं की दोष फाउंडेशनला.

प्रश्न: आम्ही रत्नागिरीत राहतो, इथे घाम इतका की अकरा वाजेपर्यंत सगळं ओघळतं. शिवाय सनस्क्रीनवर काही लावलं की मळ निघाल्यासारख्या वळ्या येतात. वॉटरप्रूफ फाउंडेशन घेऊ का?

उत्तर: वळ्यांचं आधी. सनस्क्रीन वाळायच्या आत वरून चोळलं की असं होतं, नाहीतर खालचं सिलिकॉनचं आणि वरचं पाण्याचं असलं की दोघांचं जमत नाही. दहा मिनिटं थांबा, मग चोळू नका, थोपटा. तरी झालं तर दोन्हीतलं एक बदला.

घामाचं म्हणाल तर कोकणात जाड वॉटरप्रूफ थर म्हणजे स्वतःला शिक्षाच, तो आत घामाने सुटतो आणि मग पापुद्र्यासारखा दिसतो. थर कमी तेवढं ओघळणं कमी. कन्सीलर जागच्या जागी, नाक-कपाळ-हनुवटीवर चिमूटभर लूज पावडर, गाल मोकळे. पर्समध्ये टिश्यू ठेवा, घाम आला की टेकवून टिपा, वरून पावडर मारत बसू नका, तिसऱ्या थराला पिठल्यासारखं होतं. काजळ खालच्या पापणीला पसरत असेल तर वरच्या पापणीच्या मुळाशी लावून बघा, डोळे तितकेच उठून दिसतात आणि खाली काळं उतरत नाही.

प्रश्न: ऑनलाइन अर्ध्या किमतीत परदेशी ब्रँडचं सामान मिळतंय, घेऊ का?

उत्तर: पॅक हातात येईपर्यंत पैसे देऊ नकोस. आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स 2020 आहेत, त्यानुसार बाहेरून आलेल्या मालावर आयातीचा नोंदणी क्रमांक आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असतो, इथे बनलेल्यावर उत्पादनाचा परवाना क्रमांक. बॅच नंबर आणि तारीख दोन्हींवर. यातलं काही नसेल तर परत पाठव, डोळ्यांना आणि ओठांना लावायचं असेल तर नक्कीच. आणि मागे उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, आत 6एम किंवा 12एम लिहिलेलं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. मस्काराला तर तीन महिन्यांवर ठेवूच नकोस. उघडलेल्या दिवशी तळाला पेनाने तारीख टाकायची.