हात वर न करणारी मुलं

बडोद्याच्या एका महाविद्यालयात नव्यानं शिकवू लागलेल्या एका प्राध्यापिकेचं पत्र माझ्यापुढे आहे. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

"ताई, पहिल्या वर्षाच्या वर्गात साठ मुलं आहेत. 'काही विचारायचंय का?' म्हटलं की सगळी खाली बघतात. 'अडलं तर केबिनमध्ये या' असं दर आठवड्याला सांगते. सत्रभरात चौघं आली, तीही आधीच हुशार असलेली. मग निकाल लागतो आणि वीस-बावीस जण गळतात. मी शिक्षिका आहे, समुपदेशक नाही. मी आणखी काय करायचं? आणि एखादा मुलगा आठवडाभर दिसला नाही तर त्याला फोन करणं आगाऊपणाचं होईल का?"

हा प्रश्न मला दरवर्षी येतो. कधी शिक्षक विचारतात, कधी पालक तोच उलट्या बाजूनं विचारतात. म्हणून उत्तरादाखल एका मुलाची हकिकत सांगते. त्याला निखिल म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

निखिल आईबरोबर माझ्याकडे समुपदेशनासाठी आला तेव्हा बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपलं होतं आणि दोन विषयांत एटीकेटी लागली होती. दांडिया बाजारातलं मराठी घर, वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला. बारावीपर्यंत सगळं शिक्षण गुजराती माध्यमातून, विज्ञानात चांगले गुण. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. म्हणाली, "मॅडम, खरं सांगा, याच्या डोक्यातच काही कमी आहे का? मामा म्हणतोय, कॉलेज सोडव आणि दुकानावर बसव." निखिल खिडकीतून बाहेर बघत होता.

दुसऱ्या भेटीत मी त्याला म्हटलं, मला विज्ञानातलं काही येत नाही, तू नापास झालास त्या पेपरातला एक धडा मला समजावून सांग. त्यानं माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि चाळीस मिनिटं बोलला, अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. मध्येच थांबून म्हणाला, "बाबा याला त्वरण म्हणतात, शाळेत आम्ही प्रवेग म्हणायचो, कॉलेजात ॲक्सिलरेशन. तिन्ही एकच आहेत हे कळायलाच मला आठवडा गेला."

मग त्याची उत्तरपत्रिका पाहिली. 'जस्टिफाय' म्हटलं होतं तिथं त्यानं प्रश्नातलं विधानच दुसऱ्या शब्दांत लिहिलं होतं. 'कॉमेंट' म्हटलं होतं तिथं व्याख्या. ज्ञान होतं. पण परीक्षक कोणत्या शब्दानं काय मागतो, हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला विचारलं का, म्हटल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांना माहीतच असेल असं वाटलं. मग मी एकटाच का विचारू?"

हे वाक्य मी तुम्हाला पुन्हा वाचायला सांगते. तुमच्या वर्गात खाली बघणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या मनात हेच असतं. त्यांना रस नाही, हा निष्कर्ष शिक्षक फार लवकर काढतात. विचारण्याची किंमत मोठी असते, त्यात आपण इथले नाही हे उघड होतं. हुशार मुलाला ती किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तो केबिनमध्ये येतो.

निखिलच्या परवानगीनं मी त्याच्या एका सरांना भेटले. निवृत्तीला आलेले, कडक, पण मनापासून शिकवणारे. त्यांचा पहिला विचार होता कच्च्या मुलांसाठी वेगळा रेमेडियल वर्ग. मी त्यांना अडवलं. दाराबाहेर तशी पाटी लागली असती तर निखिल त्या दारातून आत गेला नसता.

त्यांना मी एका गणितज्ञाची गोष्ट सांगितली. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात उरी ट्राइझमन यांनी पाहिलं की कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या प्रमाणात मागे पडतात. सहकाऱ्यांनी ठरलेली कारणं सांगितली: तयारी कच्ची, घरची परिस्थिती, जिद्द नाही. ट्राइझमन त्या मुलांसोबत जाऊन राहिले, ती अभ्यास कशी करतात ते पाहत बसले. फरक वेगळाच निघाला. चिनी वंशाची यशस्वी मुलं एकत्र बसून अभ्यास करत, एकमेकांची उत्तरं तपासत. कृष्णवर्णीय मुलंही नेमानं कष्ट करत होती, पण एकटी. मग त्यांनी गट केले आणि त्या गटांना सोपी नव्हे, अवघड उदाहरणं दिली. निकाल बदलले.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "प्रॅक्टिकलनंतर लॅब तासभर रिकामी असते."

पुढच्या तीन-चार महिन्यांत त्यांनी जे केलं त्यात समुपदेशनाचं असं काही नव्हतं. तो सगळा शिकवण्याचाच भाग होता.

तासाची शेवटची पाच मिनिटं त्यांनी चिठ्ठ्यांना दिली. आज काय कळलं नाही ते एका ओळीत लिहायचं, कोणत्याही भाषेत, नावाशिवाय. पहिल्याच दिवशी अकरा चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता: फ्लक्स. इतकी वर्षं ते त्या शब्दावर न थांबता पुढे जात होते. दुसऱ्या दिवशी तास तिथूनच सुरू झाला. मुलांनी आजूबाजूला पाहिलं, आणि आपण एकटेच नाही हे निखिलला पहिल्यांदा कळलं.

एक पूर्ण तास त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिकेला दिला. उत्तरं नाही, फक्त प्रश्न. 'डिराइव्ह' म्हटलं की कुठून सुरू करायचं, 'डिस्कस'मध्ये किती बाजू हव्यात, 'जस्टिफाय'मध्ये कारण नसेल तर गुण का जातात. पूर्ण गुणांचं एक उत्तर आणि अर्ध्या गुणांचं एक, शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती तुम्हालाही वाटेल. त्या एका तासाचा मोबदला सत्रभर मिळतो.

प्रत्येक तासाच्या आरंभी मागच्या तासावर तीन प्रश्न, वही बंद, गुण नाहीत. यामागे पक्कं कारण आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढे होती. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिलं होतं, ती पुढे निघाली. निखिल रोज रात्री तेच पान चार-चार वेळा वाचायचा आणि 'येतंय' समजून झोपायचा. आपल्याला येत नाही हे त्याला परीक्षेतच कळायचं. आता ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळू लागलं, सुधारायला वेळ असताना. त्याच कारणासाठी पहिली छोटी चाचणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्या. सत्राच्या मध्यावर कळलं तर निम्मं सत्र गेलेलं असतं.

आणि लाल शाई. पूर्वी सर 'पुअर' लिहून खाली दोन रेघा मारत. आता निखिलच्या वहीत त्यांनी लिहिलं: "विचार बरोबर आहे. दुसऱ्या ओळीत एकक सुटलं, तिथून घसरलास. तुला हे जमेल याची खात्री आहे, म्हणून पुन्हा लिहून आण." कोहेन, स्टील आणि रॉस यांनी १९९९ मध्ये अशा शेऱ्यांचा अभ्यास केला होता. नुसतं कौतुक पुरत नाही, नुसती टीका तर नाहीच नाही. माझी अपेक्षा उंच आहे आणि तू तिथवर पोचशील, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या की परकेपणा वाटणारा विद्यार्थी ती टीका ऐकतो. ते पान निखिलनं मला फोनवर फोटो काढून दाखवलं होतं.

सगळं सरळ झालं नाही. एक दिवस उत्साहाच्या भरात सरांनी भर वर्गात त्याचं नाव घेऊन प्रश्न विचारला. निखिल उभा राहिला, शब्द फुटला नाही, आणि पुढचे तीन तास तो आलाच नाही. सर फार अस्वस्थ होऊन मला भेटले. आम्ही ठरवलं की विचारायचं, पण आदल्या दिवशी सांगून: "उद्या हा प्रश्न तुला विचारणार आहे, तयारी करून ये." त्यानंतर तो बोलला. पहिल्यांदा दोनच वाक्यं.

'केबिनमध्ये या' हे आमंत्रण तुम्हाला मोकळं वाटतं, मुलाला ते बंद दार वाटतं. सरांनी चार-चार जणांची नावं वाचून लॅबमध्ये बोलावलं, पुढे असलेले आणि मागे पडलेले मिसळून, अवघड उदाहरण घेऊन. पहिलं पाऊल शिक्षकानं उचलायचं असतं. आपल्या बडोद्याला हे नवं नाही. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा केळुसकर गुरुजींना दिसला, तेच होऊन त्याच्याशी बोलले. पुढे त्यांच्याच शब्दामुळे सयाजीराव महाराजांनी त्याला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. बाबासाहेबांची ही गोष्ट आपण महाराजांच्या दातृत्वासाठी सांगतो. मला त्यात आधी बागेतले गुरुजी दिसतात.

तुम्ही समुपदेशक नाही, हे बरोबर आहे. कुणी मरणाबद्दल बोललं, झोप-जेवण सुटलं, स्वतःला इजा केल्याची खूण दिसली, तर ते एकटीनं पेलायचं नाही. 'समुपदेशकाकडे जा' एवढंच म्हणूही नका, 'चल, मी सोबत येते' म्हणा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तो वर्गात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना लिहून द्या. म्हणजे तो एकाला वेगळा काढून द्यावा लागत नाही.

राहिला तुमचा फोनचा प्रश्न. करा. पण 'का आला नाहीस?' असं विचारू नका, त्या प्रश्नाला मुलं खोटं उत्तर देतात.

गणपती उठल्यावर निखिल पुन्हा आठवडाभर गायब झाला होता. एका विषयाची एटीकेटी सुटली नव्हती आणि सरांना तोंड कसं दाखवायचं, म्हणून. सरांनी घरी फोन केला. तो आईनं घेतला. नंतर तिनं मला सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते: "कॉलेजचा फोन म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले. म्हटलं, काढून टाकलं वाटतं. तर सर म्हणाले, 'निखिलला सांगा, गुरुवारच्या गटात तो नव्हता, त्याचं उदाहरण तसंच ठेवलंय. सोमवारी प्रॅक्टिकलला येतोय ना?' बस, एवढंच. तक्रार नव्हती हो मॅडम. मी फोन ठेवला आणि याला हाक मारली, तर हा दाराआड उभा राहून सगळं ऐकत होता."