तिसऱ्यांदा नीट नको

प्रश्न : मुलीची नीट दुसऱ्यांदाही हुकली. बारावीला गणित, जीवशास्त्र दोन्ही होतं. सीईटीत पीसीएम गटात ९१ पर्सेंटाइल आहेत. तिसऱ्या प्रयत्नासाठी मी क्लासची फी भरून टाकली. ती मात्र मायक्रोफ्लुइडिक्सचं, म्हणजे बारीक वाहिन्यांतून थेंबभर द्रव खेळवण्याच्या शास्त्राचं, नाव घेऊन बसली आहे. ऐन रिपीटच्या वर्षात मेणाचे खडू आणि इस्त्री घेऊन फिल्टर पेपरवर रेघोट्या मारायची. शेवटी ते सगळं मी कचऱ्यात टाकलं. एका खासगी विद्यापीठात ‘नॅनो-बायोमेडिकल’ नावाचं बी.टेक. आहे, फी वर्षाला साडेचार लाख. प्लॉट विकून घालू का? कॅपचं (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) लॉगिन माझ्याकडेच आहे.
– एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, मार्कांचं नंतर बघू. आधी त्या रेघोट्यांचं बोलू. त्या म्हणजेच कागदावरचं मायक्रोफ्लुइडिक्स. कागदावर मेणाची रेघ ओढून इस्त्री फिरवली की मेण वितळून कागदात आरपार उतरतं आणि पाणी ती रेघ ओलांडत नाही. अशा दोन रेघांमधून थेंब पंपाशिवाय आपोआप पुढे सरकतो. टोकाला हळद लावलेली असेल आणि थेंबात धुण्याचा सोडा, तर ती लाल होते. झाली चाचणी! २००७ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदाच्या तुकड्यावर अशाच वाटा आखून लघवीतली साखर आणि प्रथिनं तपासून दाखवली होती. तुमची मुलगी अभ्यासाच्या ओझ्याखाली घरच्या इस्त्रीवर हे करत होती आणि तुम्ही ते फेकलंत. तिची माफी मागा, हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय.

विदर्भात तर या कामाची गरज दारातच आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन काढून घेणाऱ्या द्रावणात विरघळत नाही. ते मिश्रण कागदावर टाकलं की हिमोग्लोबिन मधेच अडकून गडद डाग राहतो. निरोगी रक्त फिकट होत पसरतं. मोठं यंत्र नसलेल्या आरोग्य उपकेंद्रात अशी प्राथमिक तपासणी किती उपयोगी पडेल, ते तुम्हीच ठरवा.

मुलीला डॉक्टर व्हायचंय, असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. दोन वर्षं तिने तुमच्या इच्छेसाठी दिली. तिसरं मागू नका. क्लासची फी परत मिळाली तर ठीक, नाहीतर पाण्यात गेली समजा.

प्लॉटही विकू नका. पदवीच्या नावात ‘नॅनो’ असलं की माणूस त्या क्षेत्रात जातो, हा मोठा गैरसमज आहे. केसाएवढ्या वाहिनीत पाणी नळासारखं उसळत नाही; दोन द्रव शेजारून वाहतात आणि फक्त विसरणाने (डिफ्यूजनने) हळूहळू मिसळतात. वाहिनी शंभर नॅनोमीटरच्या खाली गेली की भिंतीवरचा विद्युतभारच आयनांना (विद्युतभारित कणांना) वाट देतो किंवा अडवतो. हे कळायला द्रवगतिकी, भौतिक रसायनशास्त्र आणि गणित पक्कं लागतं, आणि ते केमिकल, मेकॅनिकलसारख्या जुन्या शाखांत नीट शिकवलं जातं. आयआयटी खरगपूरचे सुमन चक्रवर्ती यांना २०२२चा इन्फोसिस पुरस्कार मायक्रोफ्लुइडिक्ससाठी मिळाला. ते मेकॅनिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक आहेत. चकचकीत माहितीपत्रकाला साडेचार लाख देण्याआधी तिथल्या प्रयोगशाळेत अशा बारीक वाहिन्यांची चिप प्रत्यक्ष कोण बनवतं, एवढं विचारून या.

मार्ग ओळखीचाच आहे : सीईटीवर केमिकल किंवा मेकॅनिकल, केमिकलसाठी नागपुरात लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीपासून (एलआयटी) सुरुवात करा, पुढे एम.टेक.साठी गेट परीक्षा, बीएस्सी केलं तर एम.एस्सी.साठी जॅम. पण बी.टेक.वर या क्षेत्रातलं खरं काम क्वचितच मिळतं. एम.टेक. किंवा पीएच.डी. धरून चला, आणि पुढे नागपूर सोडावं लागेल हेही. क्षयरोगाची चिपवर होणारी ट्रूनॅट चाचणी गोव्याची कंपनी बनवते. बंगळुरूला आयआयएस्सीत (भारतीय विज्ञान संस्थेत) नॅनो विज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे. हे सगळं तिच्याशी बोला आणि तिचं मधे न तोडता ऐका.

कॅपचा ऑप्शन फॉर्म तिलाच भरू द्या. लॉगिन आणि पासवर्ड आजच तिच्या हातात द्या.