"रोज किरणांत राहून तिला मूलबाळ होईल ना?"

निफाड तालुक्यातलं द्राक्षबागायतदार कुटुंब. बारावी सायन्स झालेली मुलगी आणि तिचे आईवडील नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या करिअर मार्गदर्शनाच्या खोलीत बसले होते. बोलत होती फक्त आई. मुलीला रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं होतं, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देणारी. गावाकडे ज्याला 'शेक देणं' म्हणतात, ते काम. "रोज किरणांत राहून तिला पुढे मूलबाळ होईल ना, मॅडम? सोयरीक तरी कोण आणील?"

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि तो कुणी हसण्यावारी नेला की मला राग येतो. आईने विचारायचं नाही तर कुणी?

मी त्यांना सांगितलं, मशीन चालू असतं तेव्हा आत एकटा पेशंट असतो. टेक्नॉलॉजिस्ट जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर, कॅमेऱ्याच्या स्क्रीनसमोर. दार उघडलं की किरणं आपोआप थांबतात. आजकालचं लिनॅक, म्हणजे किरणं देणारं मशीन, विजेवर चालतं. पंख्याचं बटण बंद केलं की वारा थांबतो, तसंच. कोबाल्टच्या मशीनचं तसं नाही. त्यातला स्रोत कायम किरणं सोडत असतो, म्हणून काम नसताना तो जाड धातूच्या कवचात ठेवतात. आणि मोजमाप असतंच. छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेली किरणं मोजणारा बिल्ला, लावायचा, तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेली किरणं मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. दिवस राहिले की कळवायचं; तिथून पुढे बाळंतपणापर्यंत बाळापर्यंत पोचणाऱ्या किरणांची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट. त्याप्रमाणे काम बदलून देतात.

वडील तेव्हा पहिल्यांदा बोलले. "आम्ही तोंडाला रुमाल बांधून बागेत फवारणी करतो. ते कोण मोजतंय?" आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

मुलगी मात्र अजून गप्प होती. आईवडिलांना बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, तुला कशाची भीती वाटते? बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "आजोबा घशाच्या कॅन्सरने गेले. तसे पेशंट रोज बघवतील का, तेच कळत नाही."

खरी अडचण ही होती, आणि तिला लावायला माझ्याकडे कुठलाच बॅज नव्हता. अशा वेळी मी समजूत घालत बसत नाही. एका रुग्णालयात परवानगी काढून तिला दोन दिवस कन्सोलशेजारी, म्हणजे जिथून मशीन चालवतात त्या टेबलाशेजारी, बसवलं.

परत आली ती भडाभडा बोलायला लागली. चेहऱ्याचा मास्क बनवताना बघितला म्हणे. जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यातून काढली की ओल्या पापडासारखी लोंबते. ती चेहऱ्यावर ओढून बसवतात, काही मिनिटांत कडक होते आणि मग उपचारभर डोकं तसूभर हलत नाही. एका काकांना घशामुळे बोलता येत नव्हतं. टेक्नॉलॉजिस्ट ताईंनी त्यांना सांगितलं, त्रास झाला तर हात वर करा. "आणि मॅडम, मशीन चालू असेपर्यंत त्या स्क्रीनवर फक्त त्यांचा हातच बघत होत्या." असे पेशंट आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे येतात. ओळख होतेच. रडू आलं का विचारलं, तर म्हणाली, आलं, पहिल्या दिवशी.

पुढचं काम कागदपत्रांचं. एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावते: एक्स-रे, सीटी स्कॅनचा रेडिओलॉजीचा कोर्स म्हणजे रेडिओथेरपीचा नव्हे. नावं सारखी वाटतात आणि मुलं फसतात. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, तेव्हा संलग्नता नीट विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी पदवी तीन वर्षांची आणि वर वर्षभराची इंटर्नशिप असते. शिकवायला मशीन कुठल्या रुग्णालयात आहे, ते स्वतः जाऊन बघा. मशीनच न दाखवणाऱ्या झटपट कोर्सला पैसे भरू नका.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. बॅजचा आकडा आला की आईला फोन करते. आई तो कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवते.