रोज पिऊन गाडी चालवणाऱ्या शेजाऱ्याबद्दल पोलिसांना कळवावं का?

कळवा. यात विचार करण्यासारखं काय आहे तेच मला कळत नाही. म्हणजे कळतं, चांगलंच कळतं, म्हणून तर एवढं लांबडं लिहायला बसलोय.

तुम्ही लिहिलंय की शेजारचे काका रोज रात्री दहाच्या पुढं टाईट होऊन कार गल्लीत आणतात, कधीकधी मागच्या सीटवर त्यांची नात असते, अन् तुम्हाला दोन प्रश्न पडलेत: पोलिसांना सांगावं का, अन् सांगितलं तर आपलं नाव फुटेल का. पहिल्याचं उत्तर वर दिलं. दुसऱ्याचं असं की माझं फुटलं, अन् असं फुटलं की मामा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. ते कसं ते सांगतो.

मी लातूरला आडतीवर मुनीम आहे. जानेवारी 2023 ची गोष्ट. मामाच्या नातवाचं जावळ होतं, गाव अहमदपूरकडं. जावळ म्हणलं की बोकड आलं अन् बोकड आलं की आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पिण्याची बैठक आलीच, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पंगती घरापुढं, अन् निवडक मंडळी दुपारी तीनपासून आखाड्यावर. त्यात आमचे दाजी. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे मालक, राहायला अंबाजोगाईला. माणूस दिलदार, माझी कॉलेजची फी दोनदा त्यांनी भरलीय, हे आधीच सांगतो कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना गुंड समजाल.

रात्री आठला दाजी आखाड्यावरून आले ते एक चप्पल हातात घेऊन. दुसरीचा पत्ता नाही. आल्या आल्या म्हणले, चला निघायचं, सकाळी पोरांची शाळा आहे. ताई, दोन भाचे (एक सात वर्षांचा, एक तीन), अन् बोलेरो. जायचं किनगाव, धर्मापुरी, घाटनांदूर करत. जानेवारी म्हणजे उसाचा सीझन भरात असतो. रात्री त्या रस्त्याला डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं माखलेला, ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला, अन् ट्रॅक्टरवाल्याचा टेप असा फुल्ल की मागून हॉर्न वाजवून वाजवून थकला तरी त्याला पत्ता नाही. शुद्धीवरच्या माणसाला सुद्धा ती ट्रॉली जवळ गेल्यावरच दिसते.

मी आधीच खुंटीवरची किल्ली खिशात घालून ठेवली होती. मी पीत नाही, म्हणजे त्या दिवशी प्यायलो नव्हतो. दाजींनी किल्ली हुडकायला सुरुवात केली, आधी हळू, मग मोठ्यानं, "जावयाची किल्ली कोणी लपविली?" असं करत सगळं अंगण गोळा केलं. मामा आले. मला वाटलं आता मामा समजावतील, बैठक त्यांचीच होती, पण ते सगळ्यात शेवटी उठणारे, शुद्धीत होते. तर मामा मलाच म्हणले, "दे रे किल्ली. माझ्या दारात जावयाचा अपमान करायलास का?" म्हणलं मामा, मी नेऊन सोडतो की, सकाळी एसटीनं येतो माघारी. दाजी म्हणले माझ्या स्टेअरिंगला मी कुणाचा हात लागू देत नसतो. मामा म्हणले, "ऐकलंस? अन् दाजी पिल्यावरच चांगली चालवतेत. सावकाश."

हे वाक्य मी आयुष्यात शंभरदा ऐकलंय अन् दर वेळी डोकं उठतं. पिलेला माणूस सावकाश चालवतो कारण त्याला स्वतःलाच कळालेलं असतं की आपल्याला नीट दिसंना. अन् समोर ट्रॉली आली की त्याचा पाय ब्रेकवर पण सावकाशच जातो. बरं, सावकाश तरी कुठं, गावाबाहेर पडेपर्यंत सावकाश.

मामांनी माझ्या खिशात हात घालून किल्ली काढली अन् दाजींच्या हातात दिली. चाळीसएक माणसं बघायली होती. कोणी एक शब्द बोललं नाही. ताईकडं बघितलं तर ती धाकट्याला शालीत गुंडाळून पुढच्या सीटवर बसली सुद्धा होती. मघाशी चुलीपाशी मी तिला बोललो होतो तर म्हणली, जाऊ दे, सवय हाय. कुणाला सवय आहे, दाजींना का तिला, ते मी विचारलं नाही.

गाडी वळली, तुळशी वृंदावनाला घासली, अन् गेली. मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन 112 लावला.

हा फोन तुमच्या ठाण्यात लागत नाही, पोलीस कंट्रोल रूमला लागतो. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, काय झालं, कुठून कुठं चाललेत, गाडी कोणती, नंबर काय. नंबर मला पाठ होता कारण त्या गाडीचा इन्शुरन्स दर वर्षी मीच भरतो. आत कोण कोण आहे विचारलं, सांगितलं. तुम्ही कोण विचारलं, तेव्हा मी "रस्त्यानं चाललेला माणूस" असं म्हणलं अन् मला स्वतःचीच लाज वाटली. दोन मिनिटात काम झालं.

आता नाव कसं फुटलं ते ऐका. कंट्रोलवरून निरोप जवळच्या पोलीस गाडीला जातो अन् सोबत तुमचा मोबाईल नंबर पण जातो, अन् ते लोक पत्ता पक्का करायला तुम्हाला उलटा फोन करतात. हे मला माहीत नव्हतं. मी माघारी येऊन शेवटच्या पंगतीत मामाच्या शेजारी बसलो होतो, भाकर चुरली होती, वरून रस्सा घेतला होता, अन् फोन वाजला. माझ्या फोनचा आवाज असा की शेजारच्या शेतात ऐकू जावा. "हॅलो, एकशे बाराला तुम्हीच कळवलंय का, पिऊन बोलेरो चालवायलेत म्हणून? सफेद का सिल्वर?" सगळी पंगत गप. मी म्हणलं, सफेद. मामांनी ताटातला हात काढला अन् उठून गेले.

त्यामुळं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर: 112 ला फोन केल्यावर फोन सायलेंटला टाका अन् गर्दीपासून लांब जाऊन थांबा. नाव गुप्त ठेवा असं तिथंच स्पष्ट सांगा. पुढं कोर्टात तुमची साक्ष लागेल ही भीती बहुतेक वेळा फुकाची असते, कारण केस उभी राहते ती फुंकणीच्या मशिनच्या आकड्यावर अन् रक्ताच्या रिपोर्टवर, तुम्ही काय म्हणालात त्यावर नाही.

दाजींना एका फाट्यावर अडवलं. मी मामेभावाच्या मोटरसायकलवर मागून पोचलो तर दाजी जमादाराला, म्हणजे हवालदाराला, सांगायले होते, "मी गावचा जावई आहे." जमादार म्हणला, "आम्ही बी कुणाचे तरी जावईच आहोत, फुंका." 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम दारू ही मर्यादा आहे, दाजींचा आकडा तीन आकडी आला. मग ठाणं, मग सरकारी दवाखान्यात रक्त, कारण अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते, म्हणून त्यांची पण घाई. मोटार वाहन कायद्याचं कलम 185. आधी पहिल्या वेळेला 2000 पर्यंत दंड होता, 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 झाला, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परत सापडला तर 15,000 दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अन् ह्याची पावती जागेवर फाडून सुटका नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. दाजींना पूर्ण दहा हजार लागले, वर लायसन्स सस्पेंड. आई म्हणली, फोन तू केलास, निम्मे तू भर. भरले. दाजींना हे अजून माहीत नाही.

घरच्यांचं म्हणणं काय, तर घरातला माणूस पोलिसात दिला. मामाचं म्हणणं त्याहून भारी, "समजावून सांगायचं, किल्ली काढून घ्यायची, पोलीस कशाला?" मामा, किल्ली काढूनच घेतली होती ओ. माझ्या खिशातून परत कोणी काढली? चाळीस साक्षीदार आहेत. मी नंतर वाचून काढलं, त्याच कायद्यात कलम 188 आहे, 185 च्या गुन्ह्याला जो साथ देतो, चिथावतो त्याला पण तीच शिक्षा. हे मी एकदा मामांना वाचून दाखवलं, गौरीच्या जेवणाला, सगळ्यांसमोर. तेव्हापासून तर जास्तच बिनसलं. पण चूक काय आहे त्यात? आपल्याकडं पिऊन चालवणारा एकटा नसतोच कधी. त्याला धरून गाडीपर्यंत नेणारे असतात, दार उघडून देणारे असतात, "सावकाश जा बरं का दाजी" म्हणून टाटा करणारे असतात. उद्या काही झालं की हेच लोक सगळ्यात आधी दवाखान्यात पोचतात अन् तिथं "कितीदा सांगितलं होतं" म्हणतात. मान ठेवायचा असेल तर नारळ द्या, शेला द्या, पाय धुवा. किल्ली कशाला देता?

अजून एक, "इन्शुरन्स आहे की" हे पण मामाचंच वाक्य. पिऊन ठोकली असं निघालं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी देत नाही, पॉलिसीतच लिहिलेलं असतं. दर वर्षी मी भरतो, मला विचारा.

तुमच्या काकांबद्दल. रात्री समजावायला जाऊ नका, पिलेल्या माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी त्यांच्या मुलाशी किंवा सुनेशी एकदाच बोला, नातीचा विषय काढून. त्यानंही नाही झालं तर पोलीस. पण एक लक्षात घ्या, गाडी दारात लागल्यावर फोन करून उपयोग नाही. पोर्चमध्ये उभ्या गाडीशेजारी माणूस पिलेला असणं हा गुन्हा होत नाही, चालवताना किंवा चालवायच्या प्रयत्नात सापडला पाहिजे. म्हणून ते कुठल्या हॉटेलातून, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता निघतात ते बघून ठेवा अन् रस्त्यावर असतानाच कळवा. गाडी नंबर, रंग, कुठून कुठं, अन् तुम्ही डोळ्यांनी काय बघितलं ते, म्हणजे डिव्हायडरला घासली, राँग साईडनं आली, लाईट बंद होते. नुसतं "ते पितात" म्हणू नका. रोजचंच असेल तर ठाण्यात लेखी अर्ज देता येतो, वेळ अन् रस्ता लिहून, मग ते त्या टायमाला नाकाबंदी लावू शकतात. लावतीलच असं नाही. पाठलाग तर बिलकुल करू नका.

अन् बांधाचं भांडण, पार्किंगचं भांडण असलं काही आधीचं असेल तर दहादा विचार करा, खोटी खबर देणं हा वेगळा गुन्हा आहे अन् गल्लीला सगळं माहीत असतं.

आता जे मला सांगायचं नव्हतं ते पण सांगतो, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. दोन वर्षं ताईची राखी आली नाही. तिसऱ्या वर्षी आली तेव्हा म्हणली, "फोन केलास त्याचं काही नाही रे. पण गाडीत मी हाय, लेकरं हायत, हे तुला माहीत होतं ना? रात्री एक वाजेपर्यंत थंडीत ठाण्याच्या बाकड्यावर बसले लेकरं घेऊन. थोरला अजून पोलिसाची गाडी दिसली की मुततो." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी तिथं पोचलो होतो पण मोटरसायकलवर, तिघांना घरी न्यायला चारचाकी आणायची अक्कल नव्हती, अन् दाजींशी बोलण्यात, जमादाराशी बोलण्यात मी एवढा गुंतलो की तिच्याकडं बघितलंच नाही. म्हणून गाडीत नात असेल त्या दिवशी फोन कराच, पण तिला न्यायला कोणीतरी घरचं माणूस पोचेल एवढी सोय आधी बघा. ती सोय होत नसेल तरी फोन कराच, पण बाकड्यावर कोण बसणार आहे ते डोक्यात ठेवून करा.

दाजींचं पिणं सुटलं का, तर नाही. आता पिऊन चालवत नाहीत एवढं ताई सांगते, मी खात्री करायला गेलो नाही. माझ्याशी बोलतात, हसतात, "काय फौजदार" म्हणतात. मामाच बोलत नाहीत, ज्यांना एक रुपया दंड झाला नाही ते.

मामाच्या धाकट्याचं लग्न वैशाखात ठरलंय. आखाड्यावर बैठक बसणारच. मी फोन करून म्हणलं, मामा, दोन ड्रायव्हर मी माझ्या पैशानं लावतो, सगळ्या किल्ल्या माझ्याकडं जमा करा. मामा बराच वेळ गप राहिले अन् म्हणले, "तू जेवायला ये. फोन घरी ठेवून ये."