वाचकांचे प्रश्न: परिचर्येची उजळणी पेशंटच्या खाटेपासून

प्रश्न: मी नाशिकच्या एका नर्सिंग महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. परीक्षा जवळ आली आहे. नर्सिंग फाउंडेशनच्या व्याख्या आणि पायऱ्या पाठ आहेत, पण वॉर्डात सिस्टरांनी ‘हे का करायचे?’ असे विचारले की उत्तर सुचत नाही. उजळणी कशी करावी?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर: तुमचे पाठांतर वाया गेलेले नाही, मात्र ते प्रकरणवार झाले आहे आणि पेशंट कधीच प्रकरणवार येत नाही. म्हणून उजळणीला बसताना एक पेशंट डोळ्यांसमोर ठेवावा. समजा, दिंडोरीकडचे एक आजोबा द्राक्षबागेत पडून मांडीचे हाड मोडल्यामुळे ट्रॅक्शनवर (वजन लावून पाय ताणून ठेवलेल्या स्थितीत) आहेत. आता ‘बेडसोअर’ (पडून राहिल्याने होणारी जखम) हे प्रकरण त्यांच्या अंगावर वाचा. माकडहाड, टाचा, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू येथे हाड व गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी मरू लागतात. एरवी आपण दर दोन तासांनी कूस बदलतो, पण ट्रॅक्शनमध्ये ते मनाला येईल तसे करता येत नाही. त्यामुळे किती हलवायचे हे डॉक्टरांच्या सूचनेनुसार ठरवून, वरच्या दांडीला धरून आजोबांना कंबर थोडी उचलायला शिकवावे लागते. लाल दिसणारी जागा बोटाने दाबून पाहावी. दाब काढल्यावरही ती फिकी पडलेली दिसली नाही तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा समजावा. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून तेथे ऊब आणि कडकपणा हाताने तपासावा. अशी जागा चोळू मात्र नये. जुन्या सवयीने अजूनही कोणी स्पिरिट लावून चोळते, त्याने आतल्या पेशींना अधिकच इजा होते.

हेच आजोबा पडून असल्यामुळे त्यांना बद्धकोष्ठ होऊ शकते, पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते आणि फुप्फुसांत कफ साचू शकतो. म्हणजे आहार, इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद), व्यायाम आणि श्वसन ही चार प्रकरणे एकाच खाटेवर भेटली. डॉक्टरांचे निदान ‘हाड मोडले’ हे आहे, तर ‘हालचाल नसल्यामुळे त्वचेला इजा होण्याचा धोका’ हे परिचारिकेचे निदान आहे. हा फरक कळला की केअर प्लॅनमधील (पेशंटच्या काळजीच्या आराखड्यातील) माहिती गोळा करणे, निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे पाच टप्पे वेगळे घोकावे लागत नाहीत.

श्वासाबद्दल मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. टीपीआर चार्टवर (ताप, नाडी आणि श्वसन यांच्या तक्त्यावर) एकाखाली एक सगळ्यांचे श्वसन ‘२०’ लिहिलेले दिसते, तेव्हा ते मोजलेले नसते. विश्रांत प्रौढ व्यक्तीचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. नाडी मोजून झाल्यावर मनगट तसेच धरून, पेशंटला न सांगता, छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट पाहावी, कारण आपले श्वास मोजले जात आहेत हे कळले की माणूस नकळत ते बदलतो. आजोबांना न्यूमोनिया होऊ लागला तर ताप किंवा बीपीच्या आधीही श्वास २६-२८ वर जाऊ शकतो. मॉर्फिनसारखे वेदनाशामक जास्त झाले तर तो १० च्या खाली उतरू शकतो. दोन्ही वेळी ताबडतोब कळवायचे असते, आणि तुम्ही अंदाजे ‘२०’ लिहिले असेल तर कोणालाच काही कळत नाही.

हात कधी धुवायचे, याच्या ठरलेल्या पाच वेळा तुम्हाला माहीत असतीलच. त्यांपैकी पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतरची वेळ बऱ्याचदा विसरली जाते. खाटेची कड, सलाईनचा स्टँड आणि लॉकर हे त्यातच येतात.

प्रश्न: सलाईनचे मिनिटाला किती थेंब सोडायचे, हे काढताना नेहमी गोंधळ होतो. सोपी रीत कोणती?
– एक विद्यार्थी, देवळाली कॅम्प

उत्तर: एकूण मिलिलिटरला, एका मिलिलिटरमध्ये किती थेंब बसतात त्या संख्येने गुणावे आणि एकूण मिनिटांनी भागावे. ५०० मिलि चार तासांत द्यायचे असून सेटचे (सलाईनच्या नळीचे) २० थेंब म्हणजे १ मिलि असेल, तर १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. थेंबांची संख्या सेटच्या पाकिटावर छापलेली असते; बारीक थेंबांच्या मायक्रो सेटची ती ६० असते, म्हणून सेट बदलला की गणितही बदलते. पेशंटने हात वाकवला किंवा स्टँडची उंची बदलली तरी वेग बदलतो, त्यामुळे एकदा लावून निघून जाऊ नये. बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या खुणा कराव्यात आणि दर तासाला १२५ मिलि उतरले का, हे पाहावे.