हॅरी पॉटरचं शेवटचं पुस्तक चाहत्यांना आवडलं नाही, हे खरं आहे का?

नाही, सरसकट तसं म्हणता येणार नाही. २१ जुलै २००७ ला पुस्तक आलं तेव्हा लोकांनी रात्र जागून ते संपवलं, आणि बहुतेकांना ते आवडलंच. हॅरीला वाचवताना मेलेल्या डॉबी या छोट्या जादुई सेवकाला पुरण्यासाठी हॅरी जादू न वापरता, फावड्याने स्वतः खड्डा खणतो, ते पान वाचताना आजही माझा घसा दाटून येतो. तेहतिसाव्या प्रकरणात हॅरीचा कडक शिक्षक स्नेप याच्या आठवणी उलगडतात आणि आधीची सहाही पुस्तकं पुन्हा वाचावीशी वाटतात.

नाराजी होती ती मुख्यतः उपसंहारावर. एकोणीस वर्षांनंतरचा रेल्वे फलाट, सगळ्यांची लग्नं झालेली, मुलं शाळेला निघालेली. अनेकांना हे फार गोडगोड वाटलं. मला मात्र ज्या पोराला घरच नव्हतं, त्याला स्वतःच्या लेकराला निरोप देताना बघून बरं वाटलं. हॅरी आणि त्याचे मित्र तंबूत लपून भटकतात तो मधला भाग रेंगाळतो, ही तक्रार मलाही पटते.

खरी चुटपुट ल्युपिन आणि टाँक्सची, म्हणजे हॅरीच्या बाजूने लढणाऱ्या नवरा-बायकोची. इतकी जिवाभावाची माणसं, आणि ती जातात कशी ते दिसतच नाही. थेट त्यांची कलेवरंच समोर येतात. तान्हं बाळ मागे राहतं. ते मला अजून पचलेलं नाही.