मे महिन्यात मसाई मारा? नको!

प्रश्न : मी एकल पालक. मुलगा आठ वर्षांचा. मेच्या सुटीत केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात पहिली सफारी करायची आहे. तयारी कशी करू? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, आधी महिना बदला. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस. गाड्या चिखलात रुततात, काही कॅम्प बंदच असतात. नाताळची सुटी बरी. विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे लोंढे जुलै ते ऑक्टोबरात. सिंह, हत्ती मात्र बारमाही.

‘मुलांचा दर’ ऐकून भुलू नका. तो बहुधा दोन मोठ्यांच्या तंबूत झोपणाऱ्या मुलाचा असतो. एकाच पालकासोबतच्या मुलाचे बरेचदा जास्त लागतात. ‘एक मोठा, एक मूल, एक तंबू’ असा दर लेखी मागा. मुलांसाठी किमान वयाची अटही विचारा.

पीतज्वराची (यलो फीवर) लस दोघांनी निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात चौकशी करा. अंड्याची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगा. लसीचं पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर विलगीकरण! मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून.

केनियात प्रवेशाचा ई-परवाना मुलाचा वेगळा. सोबत जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र. ते शक्य नसेल तर ताब्याचा आदेश किंवा मृत्यूदाखला.

कॅम्पला नेणाऱ्या छोट्या विमानात साधारण माणशी १५ किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग सामानाच्या कप्प्यात बसत नाही. गडद निळे कपडे नकोत, चावणाऱ्या त्सेत्से माश्या येतात. केनियात प्लास्टिक पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, चकल्या डब्यात न्या.